जनरल महोन, व्हर्जिनियाचं कर्ज आणि आपलं सुपं

सुप्याला १२ मे १८७५ ला बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली हे पुण्यात वाढलेल्या बहुतेकांना शाळेतच कळतं, इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळी असतात, दख्खनचे दंगे म्हणून. त्या दंग्यांच्या मागे अमेरिकेतलं यादवी युद्ध होतं हेही कोणीतरी सांगितलेलं असतं. १८६१ ला तिकडे युद्ध सुरू झालं, अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, मग आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकार स्वतःहून दारात येऊन पैसे द्यायला लागले, आणि १८६५ ला युद्ध संपलं तसा भाव कोसळला पण कर्ज जागेवरच राहिलं. वरून सरकारने शेतसारा वाढवला. दहा वर्षांनी सुपं पेटलं.

माझे वडील सुप्याच्याच भागातले, आणि मी स्वतः नोकरीची सगळी वर्षं कर्जवसुलीच्या टेबलावर काढली, त्यामुळे हा विषय माझ्या डोक्यातून कधी जातच नाही. पण मला आज जे सांगायचंय ते सुप्याबद्दल नाहीये. युद्ध हरलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांवरही कर्जाचा डोंगर होता आणि तिथेही नेमका हाच प्रश्न उभा राहिला, की हे कर्ज फेडायचं कुणी आणि कशाचा गळा दाबून, आणि त्या प्रश्नाला हात घालणारा माणूस हा गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेला एक जनरल होता. विल्यम महोन. आपल्याकडे ली, ग्रँट, लिंकन ही नावं माहिती असतात, महोन कुणालाच माहिती नाही, आणि खरं सांगायचं तर अमेरिकेतही फार लोकांना माहिती नसावा.

आधी त्याचं सुरुवातीचं आयुष्य पटकन सांगते. जन्म १ डिसेंबर १८२६, व्हर्जिनियातल्या साउदॅम्प्टन काउंटीत. आपले जोतिराव फुले एप्रिल १८२७ चे, म्हणजे दोघं अगदी बरोबरीचे, हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे. महोन चार वर्षांचा असताना त्याच्याच काउंटीत नॅट टर्नरचं बंड झालं, १८३१ च्या ऑगस्टमध्ये, गुलामांनी केलेलं अमेरिकेतलं सगळ्यात गाजलेलं बंड, आणि ते चिरडायला जी मिलिशिया निघाली त्यात त्याचा बाप होता. पुढे बापाने गावात खानावळ चालवली. पोरगा हुशार, व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमधून १८४७ ला सिव्हिल इंजिनिअर होऊन बाहेर पडला, काही दिवस मास्तरकी केली आणि मग रेल्वेत शिरला.

रेल्वेत त्याने जे केलं ते खरंच थक्क करणारं आहे. नॉरफोक ते पीटर्सबर्ग अशी लाइन टाकायची होती आणि मध्ये ग्रेट डिस्मल स्वॅम्प नावाची भलीमोठी दलदल, माती टाकली की गिळून टाकणारी. याने झाडांचे ओंडके आडवे-उभे एकमेकांवर रचून त्याची चटईसारखी बैठक करून घेतली आणि त्यावर भराव टाकला. पाण्याखाली राहिलेलं लाकूड कुजत नाही, त्यामुळे ती बैठक टिकली, आणि त्याच लाइनवरून आजही कोळशाच्या मालगाड्या जातात. त्या लाइनचा एक पट्टा ५२ मैल नाकासमोर सरळ आहे, म्हणजे पुण्याहून लोणावळ्याच्याही पुढे जाल इतकं अंतर आणि एकही वळण नाही. १८५८ ला काम पुरं झालं. पण इथेच हेही सांगायला हवं की दक्षिणेत तेव्हाच्या असल्या कामांवर गुलाम मजूर राबायचे आणि महोनच्या स्वतःच्या मालकीचे गुलाम होते.

बायकोचं नाव ओटेलिया. असं सांगतात की लाइनवरच्या स्टेशनांना नावं द्यायला दोघं गाडीत बसून निघाले आणि एका स्टेशनाच्या नावावरून दोघांचं काही केल्या जुळेना, म्हणून त्या स्टेशनाचं नावच डिस्प्युटान्टा ठेवलं. ते गाव अजून आहे. गोष्ट खरी असो नसो, ही बाई पुढे युद्धात नर्स म्हणून राबली आणि आयुष्यभर त्याच्याबरोबर ठाम उभी राहिली.

मग युद्ध. १८६१ ला नॉरफोकचा नौदलाचा तळ उत्तरेच्या सैन्याकडे होता, महोनकडे धड सैन्य नव्हतं, पण गाड्या होत्या. त्याने एकच गाडी शिट्ट्या मारत गावात आणायची, गुपचूप मागे न्यायची, परत शिट्ट्या मारत आणायची असा खेळ लावला. लोकांना वाटलं फौजांवर फौजा येतायत, आणि उत्तरेचे लोक तळ पेटवून देऊन निघून गेले. त्याच वर्षी तो ब्रिगेडिअर जनरल झाला. हा माणूस अगदी किरकोळ बांध्याचा, वजन ४५ किलोच्या आसपास, पोटाचा कायमचा आजार, त्यामुळे युद्धातही बरोबर दुभती गाय आणि कोंबड्या घेऊन फिरायचा कारण दूध आणि अंडी सोडून फारसं काही पचायचंच नाही. लिट्ल बिली म्हणायचे त्याला.

आता क्रेटरची, म्हणजे खड्ड्याची लढाई. ही गोष्ट पटकन सांगून मोकळं होता येणार नाही, कारण महोनचं मोठेपण आणि त्याच्यावरचा डाग दोन्ही एकाच सकाळचे आहेत.

पीटर्सबर्गला १८६४ च्या उन्हाळ्यात दोन्ही सैन्यं खंदकांत समोरासमोर अडकून बसली होती. उत्तरेच्या एका रेजिमेंटमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणीतले कामगार होते, त्यांनी ५११ फूट लांब बोगदा खणला, थेट शत्रूच्या खंदकाखाली, आणि त्यात ८,००० पौंड बारूद भरली. ३० जुलैला पहाटे पावणेपाचच्या सुमारास ती उडवली. झोपलेली माणसं, तोफा, माती सगळं आकाशात, पावणेतीनशेच्या आसपास माणसं त्याच क्षणी गेली, आणि जमिनीत साधारण १७० फूट लांब आणि ३० फूट खोल खड्डा पडला. या हल्ल्यात सगळ्यात पुढे राहायची तयारी कृष्णवर्णीय सैनिकांच्या डिव्हिजनने केली होती, पण वरच्या अधिकाऱ्यांनी अगदी शेवटच्या घटकेला त्यांना मागे घेतलं आणि तयारी नसलेली दुसरी डिव्हिजन पुढे पाठवली. ते लोक खड्ड्याला वळसा घालून जायचं सोडून खड्ड्यातच उतरले, मागून आलेले त्यांच्यावर, आणि मग कृष्णवर्णीय सैनिकांनाही त्याच गोंधळात ढकललं. खड्ड्याच्या भिंती सैल मातीच्या, वर चढायला जावं तर पाय घसरून परत खाली. जुलैचं ऊन, आणि हजारो माणसं एका खड्ड्यात.

महोन आपल्या ब्रिगेड घेऊन तिथे पोचला तो या वेळेला. एका ओढ्याच्या आडोशाने माणसं आणली आणि उलटा हल्ला चढवला. लढाई त्याने फिरवली यात वादच नाही, मेजर जनरलची बढती त्याला याच लढाईमुळे मिळाली. उत्तरेची ३,८०० च्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. पण त्या खड्ड्यात शस्त्रं खाली टाकलेल्या, हात वर केलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना महोनच्या शिपायांनी संगिनींनी भोसकलं आणि बंदुकीच्या दस्त्यांनी डोकी फोडली. हे नंतर विरोधकांनी रचलेलं नाहीये, त्याच्याच बाजूच्या सैनिकांनी घरी लिहिलेल्या पत्रांमध्ये आहे, काहींनी अभिमानाने लिहिलंय आणि काहींनी हादरून.

मी हे सगळं बाबांना वाचून दाखवत होते तेव्हा ते ८८ वर्षांचा माणूस जसं थेट विचारतो तसं म्हणाले, "अगं मग या माणसाचं पुढे कौतुक कसं करणार तू? त्या खड्ड्यातल्या पोरांचं काय?" मी म्हटलं बाबा, ते तसंच राहणार, ते कुठे जात नाही. आणि माझं मत आजही तेच आहे. पुढे जे सांगणारे त्याने खड्ड्यातली बेरीज कमी होत नाही, पण तेवढ्यासाठी पुढचं न सांगणं हेही मला पटत नाही, कारण पुढचं ज्यांच्या आयुष्यात घडलं तेही त्याच समाजातले लोक होते.

युद्ध संपलं, एप्रिल १८६५, ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेची शरणागती. महोन परत रेल्वेकडे. तीन लाइनी जोडून १८७० ला अटलांटिक, मिसिसिपी अँड ओहायो अशी मोठी कंपनी केली, तिच्या आद्याक्षरांवरून लोक म्हणायचे हे सगळं महोनचं आणि ओटेलियाचंच. १८७३ च्या मंदीत ती गाळात गेली, हप्ते थकले, पुढे तिच्यावर कोर्टाचा रिसीव्हर बसला आणि १८८१ ला विकली गेली, तीच पुढची नॉरफोक अँड वेस्टर्न. मला वाटतं या सगळ्यात त्याला एक गोष्ट कायमची कळली की बाँडवाले काय असतात आणि व्याज माणसाला कसं खातं. हा माझा अंदाज आहे, पण वसुलीच्या टेबलावर बसलेल्या माणसाचा अंदाज आहे.

आता कर्ज. युद्धाआधी व्हर्जिनियाने कालवे, रस्ते, रेल्वे यासाठी भरपूर कर्ज काढलं होतं, युद्धात व्याज थकलं, आणि १८७१ पर्यंत आकडा साडेचार कोटी डॉलरच्या आसपास गेला. मधल्या काळात राज्याचे दोन तुकडे झाले होते, पश्चिमेचा भाग वेस्ट व्हर्जिनिया म्हणून वेगळा झालेला, आणि शेती, गुरंढोरं, पूल सगळं उद्ध्वस्त. अशा वेळी तिथल्या जुन्या खानदानी पुढाऱ्यांनी १८७१ चा फंडिंग ॲक्ट केला. एक तृतीयांश कर्ज वेस्ट व्हर्जिनियाच्या नावावर टाकलं आणि बाकीच्या दोन तृतीयांशावर सहा टक्क्यांचे नवे बाँड काढले. राज्याची अब्रू, शब्द दिलाय, पै न पै फेडणार.

आणि त्यात एक कलम होतं जे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून उठलेच. बाँडला व्याजाची कुपनं होती आणि ती कुपनं टॅक्स भरायला चालतील असं लिहून दिलं होतं. म्हणजे काय झालं बघा. समजा तुमच्या सोसायटीने बाहेरून कर्ज काढलं आणि सावकाराला सांगितलं की व्याजाच्या चिठ्ठ्या तुम्ही मेंबरांना स्वस्तात विका, मेंबर मेंटेनन्सच्या जागी चिठ्ठ्या देतील, आम्ही घेऊ. मग सोसायटीच्या तिजोरीत पैसा येणार कुठून? पाणी, लिफ्ट, वॉचमन कशातून चालणार? व्हर्जिनियात तेच झालं. टॅक्सच्या जागी कुपनांचे गठ्ठे आले, तिजोरी रिकामी, आणि सगळ्यात आधी कात्री कशाला लागली तर शाळांना. तिथल्या सार्वजनिक शाळा नुकत्याच, १८७० ला सुरू झालेल्या, गोऱ्या गरिबांची पोरं आणि कालपर्यंत गुलाम असलेल्यांची पोरं (वेगवेगळ्या इमारतीत का होईना) पहिल्यांदा सरकारी शाळेत बसलेली. शाळांचे पैसे बाँडवाल्यांकडे वळवले, मास्तरांचे पगार थकले, शेकडो शाळा बंद. तेव्हाचा गव्हर्नर हॉलिडे, ज्याने स्वतः युद्धात हात गमावला होता, त्याने शाळांकडे पैसा वळवणारं बिल १८७८ ला व्हीटो केलं आणि त्याचं म्हणणं काय तर सरकारी शाळा ही चैन आहे, ज्याला हवी त्याने इतर चैनीसारखे तिचे पैसे मोजावेत.

महोनला १८७७ ला स्वतःला गव्हर्नरचं तिकीट हवं होतं, ते मिळालं नाही, ते गेलं याच हॉलिडेला. तो महत्त्वाकांक्षी होता हे झाकायचं काही कारणच नाही. पण त्याने १८७९ च्या फेब्रुवारीत रिचमंडला रीअॅडजस्टर नावाचा पक्ष उभा केला आणि त्याचं म्हणणं सरळ होतं, कर्ज कमी करा, व्याज कमी करा, आणि शाळा आधी. आम्ही याला सेटलमेंट म्हणतो. बँकेत बसून मी हे शेकडो वेळा पाहिलंय की खातं थकलं म्हणजे माणूस बेइमान झाला असं नसतं, फेडण्याची ताकद बघून रक्कम ठरवली तर दोन्हीकडचं काहीतरी वाचतं, आणि अडून बसलं तर जमीन जाते आणि कर्जही बुडतं.

आणि याच १८७९ मध्ये आपल्याकडे काय झालं? दख्खन कृषक मदत कायदा. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू. कोर्टाला अधिकार दिला की खतावर काय आकडा लिहिलाय तेवढ्यावर जाऊ नका, मागे जाऊन मुळात किती दिले, व्याज किती लावलं ते बघा, आणि कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद. एकाच युद्धाने दोन टोकांना कर्ज वाढवून ठेवलं आणि एकाच साली दोन्हीकडे कागदावरचा आकडा उलगडून बघायची वेळ आली. हे एकमेकांना बघून झालेलं नाही, त्यांना आपलं नाव माहिती नव्हतं आणि आपल्याला त्यांचं. पण मला हे जेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा झोप लागली नाही.

महोनला मतं हवी होती आणि गोऱ्या गरीब शेतकऱ्यांची मतं एकटी पुरेशी नव्हती. व्हर्जिनियात दर दहा माणसांत चार कृष्णवर्णीय. त्यांना शाळा हव्या होत्या, पोल टॅक्स, म्हणजे मत द्यायला भरावा लागणारा कर, जायला हवा होता, फटक्यांची शिक्षा बंद हवी होती, सरकारी नोकरीत जागा हवी होती. ते आंधळेपणाने महोनच्या मागे गेले असं बिलकुल नाही, त्यांच्या पुढाऱ्यांनी अटी घातल्या, घासाघीस केली आणि मग हात मिळवला. क्रेटरचा जनरल आणि त्याच गावातले, पीटर्सबर्गचे, कृष्णवर्णीय मतदार. त्या खड्ड्यात काय झालं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहिती होतं आणि तरी त्यांनी हा सौदा केला, कारण पोरांच्या शाळा आज उघडायच्या होत्या. मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात मोठी माणसं तीच वाटतात.

१८७९ ला विधिमंडळ जिंकलं, महोन सिनेटवर निवडून गेला. १८८१ च्या मार्चमध्ये तो वॉशिंग्टनला पोचला तेव्हा सिनेटमध्ये ३७ रिपब्लिकन, ३७ डेमोक्रॅट आणि दोन अपक्ष, त्यातला एक डेमोक्रॅटांबरोबर जाणारा. म्हणजे सगळं अडकलं महोनवर. दक्षिणेचा जनरल, सगळ्यांनी धरून चाललेलं की हा डेमोक्रॅटांकडेच बसणार, आणि तो जाऊन बसला रिपब्लिकनांकडे, लिंकनच्या पक्षाकडे. बरोबरी झाली आणि उपाध्यक्ष आर्थरच्या मताने सिनेटच्या कमिट्या रिपब्लिकनांकडे गेल्या. जॉर्जियाच्या सिनेटर हिलने भर सभागृहात त्याच्यावर तोंडसुख घेतलं, गद्दार ठरवलं, आणि महोनने उभं राहून उत्तर दिलं. बदल्यात त्याला शेती कमिटीचं अध्यक्षपद मिळालं आणि व्हर्जिनियातल्या पोस्ट, कस्टम, नेव्ही यार्ड इथल्या नोकऱ्या वाटायचा अधिकार. नोकऱ्यांचं हे राजकारण त्याने पक्ष बांधायला पुरेपूर वापरलं.

त्याच वर्षी पक्षाचा गव्हर्नर आला, विल्यम कॅमेरॉन, आणि १८८२ मध्ये जे झालं ते एका दमात सांगते. रिडलबर्गर कायद्याने कर्ज दोन कोटी दहा लाखांच्या आसपास आणलं, व्याज तीन टक्के. मत द्यायला पोल टॅक्स भरायची अट राज्यघटनेतून काढली. चौकात खांबाला बांधून फटके मारायची शिक्षा, जी प्रामुख्याने कृष्णवर्णीयांवरच पडायची आणि जिच्यामुळे मताचा हक्कही जायचा, ती बंद केली. शाळांचे पैसे शाळांना परत, कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत कृष्णवर्णीय शिक्षक, त्यांच्यासाठी वेगळं मनोरुग्णालय पीटर्सबर्गला, आणि तिथेच शिक्षक तयार करायला व्हर्जिनिया नॉर्मल अँड कॉलेजिएट इन्स्टिट्यूट. त्या संस्थेला पैसा आला तो महोनच्या बुडालेल्या रेल्वेच्या विक्रीत राज्याला जो वाटा मिळाला त्यातून. आज ती व्हर्जिनिया स्टेट युनिव्हर्सिटी आहे.

आणि १८८२ च्याच ऑक्टोबरमध्ये आपल्या पुण्यात जोतिराव हंटर कमिशनला निवेदन देत होते. त्यांचं म्हणणं काय होतं? सरकारचा महसूल राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, शेतकऱ्यांच्या समाजातले मास्तर तयार करा. ज्या जोतिरावांनी १८७३ ला गुलामगिरी हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करायला झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केलं, त्यांना त्या मुक्त झालेल्या गुलामांची पोरं व्हर्जिनियात त्याच वर्षी, त्याच मागणीसाठी मतं देतायत हे कळलं असतं तर किती आनंद झाला असता. भिडे वाड्यावरून जाताना मला हल्ली दरवेळी पीटर्सबर्गची ती शाळा आठवते. फरक इतकाच की व्हर्जिनियाच्या लोकांकडे मत होतं, म्हणून कायदा वर्षात झाला. आपल्याकडे रयतेला मतच नव्हतं, निवेदन देण्यापलीकडे हातात काही नव्हतं.

पण तिकडेही ते मत किती दिवस टिकलं? १८८३ च्या ३ नोव्हेंबरला, निवडणुकीच्या तीन दिवस आधी, डॅनव्हिल गावात. त्याच्या आधी तिथल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी एक पत्रक काढून राज्यभर वाटलं होतं, की बघा आमच्या गावात काय अनर्थ झालाय, पोलिसांत कृष्णवर्णीय, बाजारातल्या गाळ्यांवर कृष्णवर्णीय. आणि त्या शनिवारी फुटपाथवर एकाचा दुसऱ्याला धक्का लागला यावरून बाचाबाची, मारामारी आणि मग निःशस्त्र गर्दीवर गोळीबार. पाच माणसं मेली, त्यातली चार कृष्णवर्णीय. पुढचे दोन दिवस राज्यभर अफवा, की ते बंड करून उठलेत. मंगळवारी मतदान. कृष्णवर्णीय घाबरून घरात, गोरे चिडून रांगेत, आणि विधिमंडळ हातातून गेलं. चार वर्षांत सगळा खेळ संपला. अफवा, पत्रक, धक्का, मतदान, हा क्रम वाचताना मला काही १८८३ मध्ये आहोत असं वाटलं नाही.

महोनचं स्वतःचं वागणंही पक्ष बुडायला कारण झालं. तो पक्ष पलटणीसारखा चालवायचा. आमदारांकडून आधीच लेखी शपथ लिहून घ्यायचा की पक्ष सांगेल तसंच मत देईन, आणि त्यावरून चांगली चांगली माणसं फुटली. १८८७ ला सिनेटची मुदत संपली, १८८९ ला रिपब्लिकन म्हणून गव्हर्नरला उभा राहिला आणि सपाटून पडला, ८ ऑक्टोबर १८९५ ला वॉशिंग्टनमध्ये गेला. जुने सोबती तर कधीच उलटले होते. गंमत वाटत नाही, राग येतो, की ज्या क्रेटरच्या पराक्रमावर त्याला डोक्यावर घेतलं होतं, तो कृष्णवर्णीयांबरोबर गेल्यावर त्याच्याच हाताखालच्या अधिकाऱ्याने वाद घातला की त्या दिवशी हल्ल्याचं नेतृत्व महोनने केलंच नव्हतं. कैद्यांच्या कत्तलीबद्दल त्याला कोणी जाब विचारला नाही. शाळा उघडल्या म्हणून त्याचा पराक्रम खोडला.

नंतर रिचमंडच्या मोठ्या रस्त्यावर ली, जॅक्सन, स्टुअर्ट, डेव्हिस सगळ्यांचे पुतळे उभे राहिले. महोनचा नाही. २०२० आणि २०२१ मध्ये ते पुतळे उतरवले तेव्हा जगभर बातम्या झाल्या. १९०२ च्या नव्या राज्यघटनेने दीड डॉलरचा पोल टॅक्स परत आणला, तो पुढे १९६६ ला सुप्रीम कोर्टाने काढेपर्यंत राहिला. कर्जाची कोर्टकचेरी मात्र चालूच राहिली, वेस्ट व्हर्जिनियाने आपल्या वाट्याचं शेवटचं देणं १९३९ ला फेडलं. अठ्ठेचाळीस राज्यांच्या देशात एका खात्यावर सत्तर वर्षं वसुली, मी एवढं जुनं खातं कधी पाहिलं नाही.

एक गोष्ट राहिली आणि ती महोनच्या विरोधात जाणारी आहे. पीटर्सबर्गच्या त्या नॉर्मल इन्स्टिट्यूटचा पहिला अध्यक्ष जॉन मर्सर लँगस्टन, गुलामगिरीतून मुक्त झालेली आई आणि गोरा जमीनदार यांचा मुलगा, शिकलेला वकील, देशभर नाव. १८८८ ला त्याला पीटर्सबर्गच्या मतदारसंघातून खासदारकीला उभं राहायचं होतं आणि मतदारसंघात बहुसंख्य कृष्णवर्णीय. महोनने विरोध केला, स्वतःचा गोरा उमेदवार उभा केला, मतं फोडली. मतं द्यायला चालतात, उमेदवार म्हणून चालत नाहीत, इथे त्याची हद्द संपली आणि याला मी कुठलंही कारण देऊ शकत नाही. लँगस्टन अपक्ष लढला, मोजणीत हरल्याचं जाहीर झालं, त्याने निकालाला आव्हान दिलं, जवळजवळ दीड वर्ष झगडला आणि सप्टेंबर १८९० मध्ये त्याला खासदारकीची शपथ मिळाली, मुदत संपायला जेमतेम सहा महिने राहिलेले असताना. व्हर्जिनियातून निवडून गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खासदार. दुसरा बॉबी स्कॉट, तो १९९३ च्या जानेवारीत गेला.